ठमाबाईची काडतुसं

माझ्या दुकानात शिशाला मज्जाव होता. सोनारकाम न जाणणाऱ्यांसाठी सांगतो, शिशाचा मोहरीएवढा कण मुशीत गेला तरी सोनं ठिसूळ होतं. ठोकायला घ्यावं तर कडेनं तडकत जातं, आणि मग गिऱ्हाईक म्हणतं, सोनारानं हात मारला. वडिलांनी मला अंगठी घडवायला शिकवण्याआधी शिसं ओळखायला शिकवलं होतं. आणि तळा गावच्या बाजारातल्या त्याच दुकानाच्या पायरीवर एका सकाळी धोंडजी शिकाऱ्याची बायको ठमाबाई येऊन उभी राहिली. तिनं पदराची गाठ सोडली आणि बटाट्याएवढा शिशाचा गोळा थेट माझ्या काट्याशेजारी ठेवला.

"शेट, ह्याचं वजन करा."

मी गादीवरून उठलोच. म्हटलं, "आधी ते उचल. सोनाराच्या काट्यावर शिसं चढत नाही."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

"सगळ्यातल्या एकाचं नाव सांगा. जाऊन इचारून येते."

मी चिडून म्हटलं, "माझे वडील म्हणायचे."

"कुठं हायत ते?"

"वारले."

"मग आता कुणाला इचारायचं?" असं म्हणून तिनं पायरीवरच फतकल मारली. गिऱ्हाइकं तिला ओलांडून ये-जा करू लागली. एका लग्नघरच्या बाईनं तर तिचा गोळा उचलून हा कसला देव, असं विचारलं. शेवटी मी हात टेकले. माळ्यावरचा जुना तराजू काढला, त्याच्या एका पारड्याला पोचा होता, आणि तो बाहेरच्या ओट्यावर तिच्या पुढ्यात ठेवला. तो तराजू पुढे कधी आत आला नाही. ओट्यावरच राहिला, तिच्या नावानं.

मला ती बाई त्या दिवशी बिलकूल आवडली नाही. पुढेही बराच काळ आवडली नाही. उंच, सडसडीत, काष्टा वर खोचलेला, पुढचा एक दात अर्धा तुटलेला, आणि पायांवर शिशाचे थेंब उडून पडलेले पांढरे डाग. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायची आणि चालताना मागे कधीच बघायची नाही. काही हवं असलं की पाठमोरीच हात मागे करायची, आणि ती वस्तू त्या हातात आलीच पाहिजे. मीच किती वेळा त्या हातात चिमटा दिला, कानस दिली, आणि दिल्यावर स्वतःवरच चरफडलो.

शिसं कशाला, ते सांगतो. धोंडजीला जंगलखात्यातल्या एका गोऱ्या साहेबानं विलायतेला परत जाताना आपली रायफल दिली होती. एकबारी. खालचा खटका ओढला की मागचं दार खाली सरायचं, काडतूस आत सारायचं, दार लावायचं, की एक बार तयार. परवाना पीकराखणीचा. तिचं काडतूस सरळ नळीसारखं नव्हतं. खाली रुंद, वर खांदा, आणि त्याच्या वर बारीक मान, थेट तेलाच्या बाटलीसारखं. रुंद पोटात दारू भरायची आणि मानेत गोळी बसवायची. ती काडतुसं करणारा कारखाना तिकडे विलायतेत बंद पडला. मुंबईला परवान्यावर बार पेटवणाऱ्या टोप्या आणि दारू मिळे, तयार काडतूस मिळेना. घरात उरल्या होत्या वाजवलेल्या रिकाम्या पितळी पुंगळ्या आणि साहेबानंच दिलेला गोळ्या ओतायचा साचा. त्यात धोंडजीच्या दोन्ही डोळ्यांत मोती उतरला. मग त्यानं बाजेवर बसून तोंडानं सांगायचं आणि तिनं हातानं करायचं, असं सुरू झालं.

त्यांचं शेत डोंगराच्या अगदी पायथ्याशी होतं. भात दुधात आलं की तिन्हीसांजेला रानडुकरांचा कळप उतरायचा आणि सकाळी बघावं तर सगळं खाचर लोळवलेलं. बंदूक बंद पडली की ते शेत गेलं, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. गोविंदाला जरा जास्तच ठाऊक होतं. गोविंदा म्हणजे धोंडजीचा धाकटा भाऊ. त्याचं खाचर ह्यांच्या खाचराला लागूनच होतं, आणि आंधळ्यानं नि बाईनं राखण होणार नसेल तर मी कसतो की ते शेत, असं तो येता-जाता बोलून दाखवी. ठमाबाई ऐकून घेई आणि शिसं गोळा करायला निघून जाई.

मांदाडच्या खाडीवरच्या कोळणींकडून ती जुन्या जाळ्यांची शिशाची वजनं आणायची. अंगणाच्या टोकाला तीन दगडांची चूल, तिच्यावर लोखंडी पळी. ओतकाम चाललं असताना ओल्या केसांचं, ओल्या हातांचं कुणीही जवळ आलं की ती दगड उचलायची. वितळल्या शिशात पाण्याचा थेंब पडला तर काय होतं ते तिच्या पायांवर लिहिलेलं होतं. साचा थंड असला तर गोळीला सुरकुत्या पडत. सुरकुती दिसली की गोळी परत पळीत. धोंडजी बाजेवरून म्हणायचा, "चालंल गं तेवढी." ती म्हणायची, "तुमाला दिसत न्हाय तर चालंल म्हणता कशाला?" आणि तो बिचारा हसायचा.

नुसतं शिसं मऊ. बार काढला की ते नळीच्या आतल्या पिळांना चिकटायचं आणि दोन-चार बारांत रायफल भलतीकडेच मारायला लागायची. ह्यावर तिनं कल्हईवाल्याला धरलं. भांड्यांना लावायची ती कल्हई थोडी शिशात घातली की गोळी कडक होते, हे धोंडजीला साहेबाकडून ऐकून ठाऊक होतं. किती घालायची ते मात्र त्याला आठवेना. हिनं ओतून बघितलं, नखानं ओरखडून बघितलं, माझ्या ऐरणीवर आपटून बघितलं. मी ओरडलो तर म्हणाली, "ऐरणीला काय होतंय, ती लोखंडाची हाय. तुमी सोन्याचे असाल." गोळीला वंगण म्हणून मेण आणि कोकमाचं तेल एकत्र कढवून लावायची. टाचांच्या भेगांनाही त्याच वाटीतलं. वाडीतल्या बायका नाकं मुरडायच्या, आणि थंडी पडली की तीच वाटी मागायला यायच्या.

आमची दिलजमाई झाली ती फुंकणीवरून. एकच पुंगळी पुन्हा पुन्हा भरली की मानेचं पितळ ताठरतं आणि उभं चिरतं. असल्या चिरलेल्या पुंगळ्या घेऊन ती एकदा आली आणि बांगडीसारखा डाग द्या म्हणाली. म्हटलं, डाग टिकायचा नाही, चिरायच्या आधी मान भाजून मऊ करायला हवी. परातीत पाणी घेतलं, पुंगळ्या खांद्यापर्यंत पाण्यात उभ्या केल्या, वर राहिलेल्या मानेवर फुंकणीनं ज्योत धरली, आणि रंग पालटला की चिमट्यानं आडवी पाडली. "मान मऊ हवी," मी सांगितलं, "पण बूड ताठच राहिलं पाहिजे. बूड भाजलंस तर बार उलटा येईल, तोंडावर." ती सगळं बघत होती. संपल्यावर पाठमोरी झाली, हात मागे केला. मी फुंकणी तिच्या हातात ठेवली. ती तिनं घरी नेली, आणि मला दुसरी करावी लागली.

आतापर्यंत तिच्या सांगण्यावरून अंदाजानं बार काढणारा धोंडजी त्या वर्षी पावसाळ्यानंतर बाजेवरून उठेनासा झाला आणि बारही तीच काढू लागली. आता बाजारात कुजबुज सुरू झाली की बाईनं बंदुकीला हात लावला म्हणून भात पोचट निघालं. वाण्याच्या दुकानात हे तिच्या कानावर आलं. तिनं नेहमीचं विचारलं, "कोण म्हणतं? नाव सांग." वाणी म्हणाला, तेली म्हणत होता. ती तेल्याकडे. तेली म्हणाला, मी कुठला, शिंप्यानं सांगितलं. ती शिंप्याकडे. शिंप्यानं कासाराचं नाव घेतलं, कासारानं माझं. माझ्या ओट्यावर आली तेव्हा तिच्यामागे निम्मा बाजार होता. मी म्हटलं, "होय, मी कासाराला बोललो होतो, पण मला वाण्यानं सांगितलं." झालं. ती सगळ्यांना घेऊन परत वाण्याच्या दारात. त्याला म्हणाली, "फिरून तुज्यापाशीच आलं. आता तू एकटाच म्हणतोस, असं समजू?" वाण्यानं तिला गूळ बांधून दिला. तो तिनं घेतला नाही. तिथंच उभ्या असलेल्या पोरांना वाटला आणि चालू लागली.

आणखी एक सांगायलाच हवं. आमच्याकडे डुक्कर पडलं की मांसाचे वाटे सगळ्या वाडीला, पण मुंडी शिकाऱ्याची. हा रिवाज आहे. ठमाबाईनं सुळेवाला मोठा नर पाडला तेव्हा वाटे घालणाऱ्यांनी मुंडी गोविंदाच्या पुढ्यात ठेवली. बंदूक घराण्यातली, घरात चालता-फिरता पुरुष तो, असा त्यांचा हिशोब. योगायोगानं मी त्या दिवशी वाडीत कुणाच्या तरी पाटल्या पोचवायला गेलो होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. ठमाबाई पुढे झाली, ती मुंडी उचलून पाटीत घातली, पाटी डोक्यावर घेतली आणि वाडीच्या मधल्या वाटेनं सरळ घरी गेली. रक्त ओघळून तिच्या कपाळावरून गालावर येत होतं. पाटी तिनं धोंडजीच्या बाजेवर ठेवली आणि त्याचा हात धरून सुळ्यावर ठेवला. तो बोटांनी चाचपत राहिला, बराच वेळ. मग म्हणाला, "मोठा व्हता गं." ती म्हणाली, "व्हय." मी अंगणातून परत फिरलो. पाटल्या कुणाच्या घरी द्यायच्या होत्या ते विसरलो होतो.

धोंडजी गेला तो मिठाच्या सत्याग्रहानंतरचा काळ. सरकार बंदुकीच्या नुसत्या नावानं दचकत होतं. परवाना मेल्या माणसाच्या नावावर, तेव्हा रायफल चौकीवर जमा करा असा हुकूम आला. ठमाबाईनं जमा केली, आणि कचेरीच्या दारातल्या अर्ज लिहिणाऱ्याकडून त्याच दिवशी आपल्या नावानं अर्ज लिहवून घेतला. गोविंदानंही केला. त्याचा अर्ज तिच्या आधी पोचला होता.

आश्विनात मामलेदारांचा तळ आमच्याकडे पडला तेव्हा हे प्रकरण त्यांच्यापुढे आलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "बाई, बंदूक राखायला ताकद लागते, नजर लागते. आणि ह्या रायफलीला काडतूसच मिळत नाही म्हणतात, मग परवाना देऊन उपयोग काय?"

ठमाबाई म्हणाली, "काडतूस मी करते. भरलेली हायत घरात, ह्यांच्या हयातीतल्या परवान्यातल्या दारूची. बार काढून दावते. जो लावील त्याला द्या."

मामलेदारांना ते पटलं. परवा सकाळी किल्ल्याखालच्या माळावर दोघांनी बार काढायचा, असं ठरलं. आता घरात भरलेली काडतुसं होती, पण ती कमी पडू नयेत म्हणून तिनं आणखी करायला घेतली. आणि पाऊस. त्या वर्षी आश्विन लागला तरी तो हटत नव्हता, अंगणात शेवाळ आणि घरात दिवसाही अंधार. पुंगळ्या तिनं आमसुलाच्या पाण्यात धुतल्या, देवाची भांडी धुवावीत तशा. आणि वाळत कुठं घालणार? आमच्याकडे पावसात जे वाळायचं ते वैलावर, चुलीच्या मागच्या तापत्या तोंडावर, वाळतं. मिरच्या, काड्यापेटी, पोरांची लंगोटी, सगळं चुलीच्या वैलावर. तिनंही वैलावर ठेवल्या, शेजारी चुलीवर भाताचं पातेलं उकळत होतं, आणि ती गोळ्या ओतायला पडवीत गेली. परत आली ती उशिरा. वाळल्या होत्या. अंधारातच भरल्या.

ठरल्या सकाळी नेमकं ऊन पडलं. माळावर गर्दी जमली होती. मीही दुकान बंद करून गेलो होतो, आणि मला ती हरावी असं वाटत नव्हतं, हे माझं मलाच नवल वाटलं. बांधावर नारळाची करवंटी ठेवलेली. अर्ज आधीचा म्हणून पहिला बार गोविंदाचा. ठमाबाईनं काडतुसांचा डबा उघडून मामलेदारांच्या शिपायापुढे धरला, शिपायानं वरचं एक उचलून गोविंदाला दिलं. गोविंदानं ते रायफलीत सारलं, दार लावलं आणि रायफल खांद्याला लावली.

ठमाबाई डब्यात बघत होती. उन्हात तिनं ती पहिल्यांदाच पाहिली. एरवी फक्त मानेचं पितळ निळसर-काळपट दिसायचं, खांद्यापाशी रंग थांबायचा. वरच्या काडतुसांचा रंग थेट बुडापर्यंत उतरला होता. मी तिच्या मागेच होतो. मलाही दिसलं, आणि माझे पाय जागच्या जागी थिजले.

तिचे नाही थिजले. डबा टाकून ती धावली आणि गोविंदाच्या हाताखालून रायफलीची नळी जमिनीकडे दाबली. खटका ओढला, दार उघडलं, काडतूस बाहेर काढलं. गोविंदा तोल जाऊन चिखलात बसला. लोक हसले. मग गोविंदा उठला आणि ओरडला, "बघितलंत, रावसाहेब? बंदूक जाताना दिसली की बाईचं डोकं फिरलं."

"काय प्रकार आहे हा?" मामलेदार म्हणाले.

"बूड मऊ पडलंय," ठमाबाई म्हणाली. ती धापा टाकत होती. "फुटलं असतं ह्येच्या तोंडावर. वैलावर वाळवली मी. चूक माजी हाय."

"सगळीच का अशी?"

तिनं खाली बसून डब्यातली सांडलेली काडतुसं एकेक उचलून पाहिली. जुनी आणि नवी एकात मिसळली होती. काही स्पष्ट काळी, काही नुसती मळकट. "सांगता येत न्हाय," ती म्हणाली. "आज मी बार काढणार न्हाय. त्यालाबी काढू देणार न्हाय."

मामलेदारांनी डब्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाई, तुम्ही स्वतःच सांगता की तुमची काडतुसं धोक्याची आहेत. आता मी काय करू?" आणि परवाना गोविंदाला दिला.

माझ्या अंगाचा भडका उडाला होता. माळावरून परतताना मी तिला गाठलं आणि म्हटलं, "अगं, गप्प बसली असतीस तर?"

"तर त्याचा डोळा गेला असता."

"तो तुझी बंदूक घेतोय. शेतही घेईल."

"घेऊ दे की, बघू." ती चालतच होती. "शेट, उद्या लोकांनी म्हटलं असतं, काडतूस फुटून माणूस गेला. मी इचारलं असतं, कुणाचं काडतूस? नाव सांग. तर काय सांगितलं असतं त्यांनी?" घरी जाऊन तिनं ती सगळी काडतुसं मोडली. शिसं पळीत, दारू वाऱ्यावर, आणि पुंगळ्या, चांगल्या-वाईट सगळ्या, दगडानं चेचून मला मोडीत आणून दिल्या. मी त्या अजून वितळवलेल्या नाहीत.

न भरलेल्या चांगल्या पुंगळ्यांची एक पुरचुंडी मात्र धोंडजीच्या रिकाम्या बाजेच्या उशाशी होती, ती तिनं ठेवली. आणि साचा ठेवला.

आता गोविंदाची बंदूक आणि गोविंदाचा परवाना. मुंबईला माणूस धाडला, तो रिकाम्या हातानं आला. मग वहिनीकडे निरोप गेला, साचा दे. ठमाबाईनं उलट निरोप धाडला, परवान्यात साचा लिहिलेला दाखव, देते. परवान्यात बंदूक होती, दारू होती, टोप्या होत्या. साचा नव्हता. गोविंदानं तळ्याच्या लोहाराकडून साचा करवून घेतला. त्यातून गोळी निघाली ती एकीकडे फुगलेली, शेतात सापडलेल्या जुन्या पुंगळीच्या मानेत शिरेना. दुसऱ्या खेपेला त्यानं ओल्या पळीत वितळलेलं शिसं ओतलं आणि कोपरापर्यंत हात भाजून घेतला. तो हात घेऊन तो माझ्या ओट्यावर आला आणि तिच्या तराजूशेजारी बसून राहिला. मला त्याची कीव आली नाही, खोटं कशाला बोलू. पण मी त्याला कोकमाचं तेल लावायला सांगितलं, आणि ते कुणाकडे मिळेल तेही सांगितलं.

तोपर्यंत पुढच्या सालचं भात दुधात आलं होतं आणि डुकरांनी पहिलं खाचर लोळवलं ते गोविंदाचं. दुसऱ्या दिवशी तो रायफल घेऊन वहिनीच्या अंगणात आला. रायफल ओट्यावर आडवी ठेवली. तिनं त्याचा भाजलेला हात उलटा करून बघितला, वाटीतलं तेल चोपडलं आणि आपली अट सांगितली. बंदूक तुज्याच खुंटीला राहू दे. काडतूस मी भरणार. तिन्हीसांजेला तू बंदूक घेऊन शेतावर यायचं, परवाना खिशात ठेवायचा आणि उभं राहायचं. बार मी काढणार. दोन्ही खाचरं राखीन, तुजं पण. आणि माज्या शेताचं नाव पुन्हा काढायचं न्हाय.

गोविंदानं मान हलवली. त्या दिवसापासून वाडीनं त्याचं नाव परवाना ठेवलं. "आज परवाना आला न्हाय का अजून?" असं पोरं विचारायची. तो आधी चिडायचा, मग हसायला लागला. त्याची बायको सांगायची की इतकी वर्षं वहिनीशी न बोललेला माणूस आता रोज तिच्याशी भांडून येतो आणि दोन भाकऱ्या जास्त खातो.

मी तिला शेवटचं पाहिलं ते त्यानंतरच्या हंगामात. कचेरीत कुणीतरी कागद धाडला होता की परवाना एकाचा आणि बंदूक चालवतं दुसरंच. चौकशीला हवालदार आला, माझ्या दुकानी पाणी प्यायला थांबला आणि त्यानं वाडीची वाट विचारली. नवा माणूस होता, घाटावरचा. मी म्हटलं, मीच येतो दाखवायला. वाटेत त्याला लांबच्या वाटेनं नेऊन उशीर करायचा माझा बेत होता. पण तो चालणारा निघाला आणि आम्ही दिवस मावळायच्या आतच शेतावर पोचलो.

बांधावरून ती पुढे चालली होती, रिकाम्या हातांनी, मागे न बघता. तिच्या मागे गोविंदा रायफल छातीशी धरून. राखणीच्या माळ्यापाशी पोचल्यावर ती शिडी चढली, वर बसली आणि पाठमोरीच हात मागे केला. गोविंदानं खालून रायफल त्या हातात ठेवली. मी हवालदाराशी मोठ्यानं बोलायला सुरुवात केली, पण तो तिकडेच बघत होता. भाताच्या टोकाला काळं काहीतरी हाललं. बार झाला. डुक्कर तिथंच आडवं झालं.

हवालदारानं वही काढली आणि बांधावरून खाली उतरला. "बार कुणी काढला?" त्यानं विचारलं. "नाव सांगा."

गोविंदा एकदम पुढे झाला. "मी काढला, साहेब. परवाना माज्याच नावावर हाय, ह्यो बघा." भाजल्या कातडीच्या हातानं कागद त्यानं खरंच पुढे धरला होता. एवढ्यावर सगळं मिटलं असतं. हवालदारालाही ते मिटायला हवं होतं, असं मला वाटलं.

वरून ठमाबाई म्हणाली, "खोटं बोलतोय त्यो."

"वहिनी, गप बस," गोविंदा दातांतून म्हणाला.

"का गप बसू? नाव इचारतोय, सांगायला नको?" तिनं खाली वाकून हवालदाराकडे बघितलं. "ठमाबाई. लिव."

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. त्यानं लिहिलं.

"वाच."

"ठमाबाई कोम धोंडजी," त्यानं वाचलं. कोम म्हणजे कचेरीच्या भाषेत बायको.

"काडतूसबी माजंच हाय. तेबी लिव."

त्यानं तेही लिहिलं. त्या लिहिण्यानं तिची बंदूक जाणार की राहणार, ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं. थंडी लागता लागता मी मुंबईला मुलाकडे राहायला आलो आणि पुढच्या पावसाळ्यात ती तापानं गेल्याचं कळलं. गोविंदाच्या पत्रात होतं की बंदूक अजून खुंटीला आहे, न्यायला कुणी आलं नाही, आणि आता साचा आपल्याकडे असूनही आपल्याला गोळी ओतता येत नाही.

पण त्या संध्याकाळी हवालदार वही मिटतो न मिटतो तोच भातात पुन्हा काहीतरी हाललं. ठमाबाई वळली. आमच्याकडे पाठ करून बसली आणि काडतुसासाठी हात मागे केला. गोविंदानं एकदा हवालदाराकडे पाहिलं, मग कमरेच्या पिशवीतून एक काडतूस काढलं, बूड उजेडात धरून नीट बघितलं, आणि तिच्या हातात ठेवलं.